दोन जणांसाठी, शनिवारी सात वाजता

ताई, तुझा मृत्यूचा दाखला मी पुण्याच्या एका हॉटेलला पाठवला. ईमेलने.

मृत्यूचे दाखले काढून देणं हे माझं रोजचं काम. दिग्रसच्या बसस्टँडसमोर ज्याचं ऑनलाइन सेंटर आहे, त्याच्याकडे माणसाच्या जन्मापासून मरणापर्यंतचे सगळे अर्ज येतात. कुणाच्या घरचं कोण गेलं हे मला कागदावरून कळतं, आणि मी मान वर न करता नावाचं स्पेलिंग तपासतो. तुझ्या दाखल्यावरचंही तपासलं. मग तो स्कॅन केला, फाइल लहान केली, कारण त्यांना मोठी चालत नव्हती, आणि विषयाच्या जागी लिहिलं, 'आरक्षणातील नाव बदलण्याबाबत'. दहा मिनिटांत उत्तर आलं. सहकार्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले होते.

तेव्हा जो राग आला, तो नेमका कुणावर काढायचा हे अजून ठरत नाही. हॉटेलवर काढून झाला. माझ्या बायकोवर, सुनंदावर काढला, ती बिचारी नुसती चहा घेऊन आली होती. तुझ्या पल्लवीवर फोनवर काढला, आणि तिने तो दुप्पट परत केला, शेवटी तुझीच लेक. आता तू उरलीस. आपलं भांडण तू अर्ध्यावर टाकून गेलीस, म्हणून मी पहिल्यापासून सांगतो. मध्ये बोलता येणार नाही तुला, हा एकच फायदा.

सुरुवात तूच केलीस. त्या जपानी लोकांपासून.

नागपूरहून अजिंठ्याला निघालेली त्यांची गाडी गावाच्या अलीकडे बंद पडली आणि दुपारी दोनच्या सुमारास सात म्हातारे-म्हाताऱ्या तुझ्या खानावळीत येऊन बसले. मी तेव्हा कॉलेज संपवून रिकामा होतो. तू निरोप पाठवून मला बोलावून घेतलंस. "हे लोकं तिखट खाते का नाही, विचार बरं त्या गाइडले." गाइड म्हणाला, अजिबात नको. तू सगळ्यांना फिकं वरण दिलंस आणि तरी ताटाच्या कडेला बोटभर ठेचा ठेवलाच. सातांपैकी पाच जणांनी तो पुन्हा मागितला.

त्यातला एक म्हातारा हात धुऊन सरळ आत स्वयंपाकघरात आला. आत कुणी यायचं नाही असा तुझा नियम. बाहेर सहा टेबलं, मध्ये भिंत, भिंतीला हातभर खिडकी. त्या खिडकीतून ताट बाहेर जायचं. एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, कापसाच्या जिनिंगमधले कामगार, खोली करून राहणारे विद्यार्थी, तीस वर्षं सगळे जेवून गेले. तुझ्या हिरव्या बांगड्या त्यांना ओळखू यायच्या, चेहरा यायचा नाही. बाजारात तुझ्या शेजारी उभं राहून तुझ्याच वरणाची तारीफ करणारा कंडक्टर मी स्वतः पाहिला आहे. तर तो म्हातारा भट्टीपासून दोन हातांवर उभा राहिला आणि तू भाकर थापताना बघत राहिला. तू लाजून कमलबाईंकडे बघितलंस. कमलबाई पहिल्या दिवसापासून तुझ्यासोबत पोळ्या लाटायच्या. त्या तर परात सोडून कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. गाइडने सांगितलं, हेही आचारीच आहेत. यांचं आठ खुर्च्यांचं हॉटेल आहे. आत-बाहेर असं काही नाही. हे उभे राहतात, समोर आठ माणसं बसतात, आणि हे एकेक पदार्थ बनवून स्वतःच्या हाताने प्रत्येकापुढे ठेवतात.

"म्हणजे खाणारा बनवणाराचं तोंड पाह्यते?" तू विचारलंस.

"हो."

"अन् बनवणारा खाणाराचं?"

"हो, बाई."

"हे चांगलं हाय," तू म्हणालीस, आणि तव्यावरची भाकर करपली. तुझी करपलेली भाकर मी आयुष्यात तेवढी एकच पाहिली.

पुढे कितीतरी वर्षं ते आठ खुर्च्यांचं हॉटेल तुझ्या बोलण्यात येत राहिलं. आम्ही हसायचो. मग गुडघ्यांनी हात टेकले आणि तू खानावळ बंद करायचं ठरवलंस. शेवटच्या दिवशी भांडी घासून पालथी घातली, तेव्हा मी मोठेपणाने म्हणालो, "आता तुले काय पाह्यजे ते सांग." मला वाटलं, बोधगयेला जायचं म्हणशील. तू पदराला हात पुसत म्हणालीस, "मले एकडाव तसं बसाचं हाय. समोर कोणीतरी बनवून राह्यलं, अन् मी नुसती बसून राह्यली."

पल्लवी पुण्याला नर्स. तिच्या वॉर्डातल्या एका पेशंटच्या नातेवाइकांनी तिला सांगितलं, आणि तिने तसं हॉटेल शोधून काढलं. दहा खुर्च्या. संध्याकाळी सातला एकच पंगत. काय खायचं ते विचारत नाहीत. आचारी जे देईल ते, चौदा पदार्थ, एकामागून एक. त्याला जपानीत एक शब्द आहे, त्याचा अर्थ पल्लवीने तुला फोनवर सांगितला, 'तुमच्यावर सोडलं'.

"मंग माह्या खानावळीत काय चालत होतं?" तू म्हणालीस. "लोकं माह्यावरच सोडत होते."

जागा मिळवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी छाती फुगवून म्हटलं, सर्व्हर मेलेला असताना ज्याने अख्ख्या गावाचा पीकविमा भरला, त्याला दोन खुर्च्या मिळणार नाहीत का?

नाही मिळाल्या, ताई. महिन्याच्या एक तारखेला सकाळी अकराला पुढच्या महिन्याच्या जागा उघडायच्या. पहिल्या वेळी मी तारीख निवडून नाव टाकेपर्यंत सगळे चौकोन लाल झाले. अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती. मला वाटलं, दुकानातलं घड्याळ मागे आहे. पुढच्या महिन्यात तीन कॉम्प्युटर लावले. खेड्यांवरून विम्यासाठी आलेली माणसं बाकड्यावर बसवून ठेवली. या खेपेला शनिवार सापडला, जागा सापडल्या, ओटीपी मागवला, आणि लाइट गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू, राउटर बंद. मी टेबलावर मूठ आपटली. बाकड्यावरचे एक आजोबा काळजीने म्हणाले, "काय भरून राह्यले, साहेब?"

"जेवणाचा फॉर्म."

"नवी योजना निंघाली का? मंग माहाबी भरा."

ही गोष्ट मी तुला सांगितली तेव्हा तू इतकी हसलीस की खोकला लागला. मला अजिबात हसू आलं नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात मी फोन लावला. गोड आवाजाची मुलगी. सर, तुम्हाला वेटलिस्टवर घेते. म्हटलं, माझ्या पुढे किती जण आहेत? सर, ते सिस्टीममध्ये दिसत नाही. म्हटलं, मग नंबर कधी लागेल? सर, ते सांगता येत नाही. ताई, पंधरा वर्षं मी काउंटरच्या अलीकडून लोकांना हीच दोन वाक्यं सांगतोय. पलीकडून ऐकायला कशी लागतात ते त्या दिवशी कळलं.

चौथ्या महिन्यात तुला-मला जागा मिळाली. दोन जणांसाठी, शनिवारी सात वाजता. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून तुझ्याकडे आलो. तू मेथी निवडत होतीस. ऐकून म्हणालीस, "बरं झालं." एवढंच. मला वाटलं होतं, तू थोडी तरी नाचशील. मग जाताना मागून हाक मारून विचारलंस, "लुगडं कोणतं नेसू?" तेव्हा मला कळलं की तू नाचते आहेस.

त्यानंतर त्यांचा फॉर्म आला. जेवणाआधी इतके प्रश्न विचारणारं हॉटेल मी पाहिलं नव्हतं. काय चालत नाही, कशाचा त्रास होतो, अत्तर लावून येऊ नका, दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर करू नका. मी तुझ्या वतीने लिहिलं, 'कच्चा मासा चालणार नाही'. उत्तर आलं की शेफ पदार्थ बदलत नाहीत. आपणांस हे जेवण कदाचित योग्य ठरणार नाही. माझं डोकं फिरलं. चार महिने रांगेत उभं करून वर तोंडावर दार! फोन करून मी त्या मुलीला नाही नाही ते बोललो. ते सगळं मी तुला मोठ्या अभिमानाने सांगितलं, आणि तू माझ्यावरच उलटलीस.

"त्याचं बरोबर हाय. सोमवारी कोणी आलूची भाजी मांगली, तं मी देत होती का? सोमवारी वांगे म्हणजे वांगे."

"ताई, कच्चा मासा आहे तो!"

"असू दे. त्यानं त्याच्या हातानं देल्ला तं मी खाईन."

"अन् पोट बिघडलं तर?"

"पोट माहं हाय."

मी वैतागून ती ओळ काढून टाकली. फोनवर सांगितलं, त्या मुलीने ती काढली. लक्षात ठेव, ताई, फोनवर सांगितलं आणि ओळ निघाली. हे मला तेव्हाच माहीत होतं.

आता खरं सांगायचं ते. फॉर्मच्या शेवटी दोन प्रश्न होते. प्रसंग कोणता, आणि पाहुण्यांविषयी दोन ओळी लिहा, म्हणजे शेफना त्यांचं स्वागत करता येईल. प्रसंगाच्या यादीत वाढदिवस होता, लग्नाचा वाढदिवस होता, बढती होती. खानावळ बंद केली असा प्रसंग त्यांच्या यादीत कसा असेल? मी वाढदिवस निवडला. खाली 'इतर' होतं, तरी वाढदिवस निवडला. आणि तुझ्याविषयी लिहिलं, 'यवतमाळ जिल्ह्यातील निवृत्त उद्योजिका'.

त्यांनी पाठवलेला पक्का मेल पल्लवीलाही गेला. तिने तो कौतुकाने तुला फोनवर वाचून दाखवला, मराठीत, शब्द न् शब्द.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू ऑटो करून दुकानात आलीस. गुडघे धरून पायऱ्या चढलीस. गिऱ्हाईक बसलं होतं, तरी थांबली नाहीस.

"उद्योजिका म्हणजे काय रे, प्रकाश?"

"बिझनेस करणारी बाई."

"माहा बिझनेस कोणता?"

मी गिऱ्हाइकाचे कागद चाळायला लागलो.

"खानावळ लिहाले तुले लाज वाटली का?"

"तसं नाही, ताई. तिथली माणसं वेगळी..."

"कोणती माणसं? तो तं आचारीच हाय ना? तो समजला असता." तुझा आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त राग येत होता. "ते खोड."

"आता खोडता येत नाही. सबमिट झालं."

"रोज दुनियेच्या चुका दुरुस्त करून देतं तू. माही एक ओळ दुरुस्त नाही होत?"

"नाही होत. सिस्टीमच तशी आहे."

गिऱ्हाईक उठून तुला खुर्ची देत होतं, तू बसली नाहीस. "मी येत नाही पुण्याले," म्हणालीस आणि गेलीस.

खोटं बोललो होतो मी. एका फोनचं काम होतं. पण तू चारचौघांत विचारलंस याचा राग आला, आणि त्याहून जास्त राग आला तो तू बरोबर ओळखलंस याचा. ती ओळ त्या दिवशी नव्याने लिहिलेली नव्हती, ताई. यवतमाळला कॉलेजात असताना मित्र विचारायचे, तुझी बहीण काय करते? मी म्हणायचो, बिझनेस आहे तिचा. रोज पहिल्या एसटीने येणारा तुझा डबा उघडून, त्यातलं खात खात म्हणायचो. कंडक्टर डबा आणून द्यायचा तेव्हा म्हणायचो, आमच्या ओळखीचे आहेत.

नऊ दिवस आपण बोललो नाही. मी ठरवलं होतं, रविवारी येईन, दुरुस्त केलेला फॉर्म छापून आणेन आणि तुझ्यापुढे टाकेन. तोवर जरा तुलाही कळू दे, असं मनात होतं. काय कळू दे, ते आता मलाच सांगता येत नाही. शुक्रवारी कमलबाईंचा फोन आला, भाऊ, लवकर या. मी आलो तेव्हा तू पलंगावर होतीस आणि घरात बाया जमल्या होत्या.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला इतकी गर्दी झाली की मांडव पुरला नाही. डेपोतले निवृत्त झालेले ड्रायव्हर आले होते. फोटोसमोर उभं राहून एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "ह्या होत्या का त्या?" तेव्हा मी मांडवाच्या मागे जाऊन उभा राहिलो.

पाच दिवसांनी दुकानात फोन वाजला. तीच गोड आवाजाची मुलगी. "सर, येत्या शनिवारचं तुमचं दोघांचं आरक्षण निश्चित करायला फोन केलाय. मॅडमचा वाढदिवस आहे ना?"

मी म्हटलं, "मॅडम वारल्या."

ती पुस्तकातलं वाचल्यासारखं वाईट वाटल्याचं बोलली. मग म्हणाली, आरक्षण दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, सर, पण अशा वेळी मॅनेजर विचार करतात. काही कागद पाठवाल का? मी म्हटलं, कसला कागद? ती अडखळली. मीच सांगितलं, "मृत्यूचा दाखला चालेल?" "हो सर, चालेल." अर्जाला काय जोडायचं हे मला सांगावं लागत नाही.

जायचं होतं असं नाही. पल्लवी म्हणाली, "मी एकटी जाते, मामा. तुम्ही येऊ नका." तिला सगळं माहीत होतं, तू तिला सांगून गेली होतीस. मी म्हटलं, माझ्या नावावरची खुर्ची आहे, मी येणार. सुनंदाने माझी बॅग भरली आणि दारात म्हणाली, "तिथं तरी भांडू नका." आम्ही दोघं मामा-भाची त्या हॉटेलच्या दाराशी पोचलो तेव्हा दुपारपासून एक शब्दही बोललो नव्हतो.

आत लाकडाचा एकच लांब ओटा, दहा खुर्च्या. पलीकडे शेफ. जपानी नव्हता, मणिपूरचा पोरगेला माणूस, दहा वर्षं जपानात राहून शिकून आलेला. आमच्या जागेवर पल्लवीच्या नावाची छोटी पाटी होती. खाली लिहिलं होतं, वाढदिवसाच्या शुभेच्छा. त्यांनी नाव बदललं होतं. प्रसंग तसाच राहिला होता. शेफ मान झुकवून पल्लवीला हसून म्हणाला, "हॅपी बर्थडे." बाकीची आठ माणसं टाळ्या वाजवू लागली.

पल्लवी रडायला लागली. तोंडावर हात दाबून, आवाज न करता, खांदे हलवत. टाळ्या एकेक करून थांबल्या.

मी उभा राहिलो. माझ्या दिग्रसच्या हिंदीत सांगितलं, साहेब, हिचा वाढदिवस नाही. कुणाचाच नाही. ही खुर्ची माझ्या बहिणीची होती. तिची दिग्रसला खानावळ होती, तीस वर्षं. तिला एकदा असं समोर बसून जेवायचं होतं. फॉर्ममध्ये मी उद्योजिका लिहिलं, ते खोटं लिहिलं. ती गेल्या महिन्यात वारली. एवढं बोलायला मला किती वेळ लागला ते आठवत नाही. बोलून झाल्यावर हातांचं काय करायचं ते कळेना, म्हणून खुर्ची धरून उभा राहिलो.

शेफने सुरी खाली ठेवली. "रोज कितने लोग खाते थे?"

"सौ, सव्वा सौ."

"बनानेवाले कितने?"

"वो, और एक बाई."

त्याने मान हलवली. आमच्या पुढची पाटी स्वतः उचलून खाली ठेवली. मग अगदी साधेपणाने त्याने विचारलं, "उनको खाने में क्या पसंद था?"

पल्लवी डोळे पुसत म्हणाली, "भरीत."

"भरीत तुझ्या बाबांना आवडायचं," मी म्हणालो. "म्हणून ती करायची."

"मग पिठलं."

"पिठलं मला आवडतं."

पल्लवीने माझ्याकडे बघितलं. मी पुरणपोळी म्हणणार होतो, पण ती तुझ्याकडे सणाला गिऱ्हाइकांसाठी व्हायची. आम्ही दोघं तुझ्या हातचं खाऊन मोठे झालो, आणि परक्या गावच्या परक्या माणसाने विचारलेल्या एवढ्याशा प्रश्नाचं उत्तर आमच्या दोघांकडे मिळून नव्हतं. तो माणूस वाट बघत होता. शेवटी मी म्हटलं, "मालूम नहीं." त्याने पुन्हा काही विचारलं नाही. पहिला घास बनवून आमच्यापुढे ठेवला.

जेवणाचं सांगू? कच्चा मासा मी खाल्ला. तुला नको म्हणून भांडलो होतो, तोच. चांगला होता. याचाही मला राग आला. पातेल्यावर पातेली उपसणाऱ्या घरातला मी माणूस, बोटभर भातावर बोटभर मासा, आणि तो चांगला होता! चौदापैकी चार पदार्थ मला कळले, तीन बिलकुल आवडले नाहीत, बाकीच्यांच्या वेळी माझं लक्ष नव्हतं. तुला आवडलं असतं का, हेच मी प्रत्येक वेळी ठरवू बघत होतो, आणि मला एकदाही ठरवता आलं नाही.

निघताना पल्लवी म्हणाली, "मामा, आई तुमच्यावर रागावून गेली नाही. दुखावून गेली." मी म्हटलं, "ते जास्त वाईट." ती म्हणाली, "हो." मग माझ्या हातातली बॅग तिने घेतली.

परत आल्यावर मी सरळ कमलबाईंकडे गेलो. त्या अंगणात तुरीची डाळ पाखडत होत्या. म्हटलं, "कमलबाई, ताईला खायला काय आवडायचं?"

त्यांनी सूप थांबवलं. हसल्या. "बाईले? बाईले दुसऱ्याच्या हातचं कायबी आवडे."

"म्हणजे?"

"माह्या घरची शिळी भाकर राहे ना डब्यात, दुपारी सगळे जेवून गेले का ते मांगून घेत. म्हणत, कमल, तुही भाकर दे, माही नोको. एवढा सैपाक पडला राहे समोर, अन् बाई माही शिळी भाकर खात." त्या पुन्हा पाखडू लागल्या. "दुसऱ्यानं केलेलं गोड लागते, म्हणत."

ताई, आमचं घर तुझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. आम्ही तुला जेवायला बोलावत नव्हतो असं नाही; सणावाराला बोलावलंच. तू यायचीस ती सरळ स्वयंपाकघरात. सुनंदा म्हणायची, ताई, बसा हो, आणि तू पोळपाट ओढून घ्यायचीस, आणि आम्ही ओढू द्यायचो, कारण तुझ्या हातची पोळी सगळ्यांनाच हवी असायची. तुला हाताला धरून खाली बसवावं आणि म्हणावं, आज तू उठायचं नाही, हे कुणाला सुचलं नाही. तूही कधी बोलली नाहीस. का बोलली नाहीस? जपानी हॉटेल मागितलंस, आणि शेजारची भाकर मागितली नाहीस! याचा राग कुठल्या फॉर्मवर भरू, सांग.

काल रविवारी मी कमलबाईंना जेवायला बोलावलं. सुनंदाला सांगितलं, तू हात लावायचा नाहीस. पिठलं कसं करतात ते मी तुला शेकडो वेळा करताना बघितलं होतं, म्हणून मला वाटलं, येतं. कमलबाई दोनदा मदतीला उठल्या. दोन्ही वेळा मी ओरडलो, "बसा तुम्ही!" त्या घाबरून बसल्या. मी ताट वाढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि समोर उभा राहिलो.

"गाठी झाल्या, भाऊ," त्या पहिल्याच घासाला म्हणाल्या.

"दिसतंय मला."

"मीठबी कमी हाय."

"ते बाजूला ठेवलंय. घ्या."

त्यांनी चिमूटभर घेतलं. सावकाश जेवत राहिल्या. मला इतका राग येत होता, ताई, की पातेलं हातात घेऊन मी तसाच उभा होतो. एवढंसं होतं हे. एका सकाळचं काम, आणि मी चार महिने पुण्याच्या रांगेत उभा होतो.

कमलबाईंनी ताट पुढे केलं. "अजून हाय का?"

होतं. पुष्कळ उरलं होतं.